दुखणे थांबले, पण स्नायू जुळला का?



गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या घरात दोन माणसांचे स्नायू दुखावले. एकाची चर्चा साऱ्या मोहल्ल्यात झाली. दुसऱ्याची कोणालाच खबर नव्हती. आम्ही इतकी वर्षे दवाखाना चालवतो, पण आम्हालाही ती सहा आठवड्यांनी कळली. या महिन्याच्या सदरात त्या दोन्ही दुखण्यांबद्दल सांगायचे आहे, कारण अशी दुखणी प्रत्येक घरात होतात आणि त्यांतले बरेचसे नुकसान टाळता येते.

आमचा पुतण्या 22 वर्षांचा. मे महिन्यात कोकणात गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भरतात, तसे आमच्याकडेही होते. सकाळपासून मंडपात बसलेला हा मुलगा दोन तासांनी फलंदाजीला उतरला. अंग मोकळे केले नाही, दोन पावले धावून पाहिले नाही. पहिल्याच चेंडूवर चोरटी धाव घ्यायला निघाला आणि अर्ध्या वाटेत उजवी मांडी मागून धरून खाली बसला. मागून कोणीतरी दगड मारल्यासारखे वाटले, असे तो नंतर सांगत होता.

संध्याकाळी मित्रांनी त्याला शेजारच्या गावात मालिश करणाऱ्याकडे नेले. "नस चढलीय" असे सांगून त्याने गरम तेलाने मांडी अर्धा तास रगडली. दुसऱ्या दिवशी मांडीच्या मागचा भाग गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला. तिसऱ्या दिवशी आम्हाला फोन आला. मालिश बंद करा, पट्टी बांधा, पायाला आराम द्या, एवढे आम्ही सांगितले. बारा दिवसांत तो न लंगडता चालू लागला. चौदाव्या दिवशी अंतिम सामना होता. आम्ही फोनवर नको म्हणालो, तर तो म्हणाला, "चाचा, आता अजिबात दुखत नाही. आणि हनुमा विहारी नाही का खेळला तशाच पायावर?"

तो खेळला. दुसऱ्याच षटकात चौकार अडवायला धावताना मांडी पुन्हा गेली, आणि या वेळी त्याला उभेही राहता येईना. सोनोग्राफीत स्नायूचा मोठा भाग फाटलेला दिसला. पुढच्या महिन्यात त्याला आखाती देशातल्या एका गोदामात कामाला जायचे होते. काम माल उचलण्याचे होते. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

लचक म्हणजे नेमके काय?

आपण घरात लचक, मुरगळणे, उसण, पेटका, नस चढणे हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. उपचार मात्र वेगवेगळे असतात, म्हणून आधी फरक समजून घेऊ.

स्नायू म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी. तिची टोके दोरीसारख्या चिवट कंडरेने हाडाला बांधलेली असतात. हे तंतू किंवा कंडरा ताणून तुटली की आपण स्नायू दुखावला, लचक भरली असे म्हणतो. बहुतेक वेळा तंतू तुटतात ते स्नायू आणि कंडरा जिथे जुळतात तिथे. घोटा मुरगळतो तेव्हा इजा होते ती हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला. पेटका किंवा गोळा येतो तेव्हा काही तुटत नाही, स्नायू आखडतो आणि थोड्या वेळाने सुटतो. मुका मार बाहेरून लागतो. आणि "नस चढली" असे म्हणतात तेव्हा खरे तर कोणतीही नस कुठे चढलेली नसते. तो आखडलेला तरी असतो किंवा फाटलेला तरी स्नायू असतो. आखडलेला स्नायू हलके दाबून, ताणून सुटतो. फाटलेला स्नायू रगडला तर आणखी फाटतो. आमच्या पुतण्याच्या बाबतीत पहिली चूक इथेच झाली.

स्नायू फाटतो कधी? विहिरीत बादली सोडताना दोर एकदम सोडून चालत नाही. दोर पुढे सरकत असतो आणि हात त्याला धरूनही ठेवत असतो. स्नायूलाही असे काम करावे लागते, म्हणजे लांब होत असतानाच जोर लावून धरून ठेवायचे. धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा त्याला आवर घालण्याचे काम मांडीमागचा स्नायू करतो. क्रिकेटच्या समालोचनात ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात तो हाच. याच क्षणी त्याच्यावर सर्वांत जास्त ताण असतो. मांडीमागचा, मांडीच्या पुढचा आणि पोटरीचा स्नायू दोन-दोन सांध्यांवरून जातात, म्हणून ते जास्त सापडतात. अंग थंड असणे, थकवा, अशक्त स्नायू आणि वाढते वय ही इतर कारणे. पण सर्वांत मोठे कारण एकच: तोच स्नायू पूर्वी दुखावलेला असणे.

किती फाटला आहे?

डॉक्टर याच्या तीन पायऱ्या मानतात.

पहिल्या पायरीत थोडेच तंतू तुटलेले असतात. दुखते, ओढल्यासारखे वाटते, पण चालता येते आणि ताकद जवळजवळ पूर्ण असते. साधारण एक ते तीन आठवडे लागतात.

दुसऱ्या पायरीत बराच भाग फाटतो. सूज येते, काळेनिळे होते, माणूस लंगडतो, जोर लावला की कळ येते. चार ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात.

तिसऱ्या पायरीत स्नायू किंवा कंडरा पूर्ण तुटते. तुटताना आवाज येऊ शकतो, हाताला खड्डा लागू शकतो आणि तो भाग कामच करत नाही. काही महिने लागतात आणि कधी शस्त्रक्रियाही करावी लागते.

काळानिळा डाग इजेच्या जागेपेक्षा खाली दिसला तर घाबरू नका. आत साचलेले रक्त उतरत खाली येते. मांडीत फाटले तर डाग गुडघ्यामागे दिसतो. मात्र डाग मोठा आणि वाढता असेल तर दाखवून घ्या.

पहिले तीन दिवस

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे, हा चार गोष्टींचा सल्ला गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी 1978 साली आपल्या पुस्तकात दिला आणि तो जगभर पसरला. पुढे स्वतः मर्किन यांनीच आपले मत सुधारले. बर्फाने दुखणे कमी होते, पण सारखा बर्फ लावला आणि अजिबात हालचाल केली नाही तर भरून येण्याला उशीर होऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. इजेनंतर येणारी सूज ही शरीराची दुरुस्तीची पहिली पायरी असते. ती आटोक्यात ठेवायची, पूर्ण दाबून टाकायची नाही. आज आम्ही असे सांगतो:

1. खेळ किंवा काम तिथेच थांबवा. "एवढी ओव्हर संपवतो", "एवढा हंडा ठेवून येते" हे नको.

2. बर्फ कपड्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटे लावा. पहिले दोन-तीन दिवस, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. उघडा बर्फ त्वचेवर ठेवू नका. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर बर्फ लावूच नका, कारण त्वचा भाजली तरी कळत नाही.

3. क्रेप बँडेज खालून वर बांधा. बोटे निळी किंवा थंड पडली, मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. रात्री झोपताना काढून ठेवा.

4. बसताना, झोपताना पाय उशीवर उंच ठेवा.

5. चालताना फार दुखत असेल तर एक-दोन दिवस काठीचा आधार घ्या. पण आठवडाभर खाटेवर पडून राहू नका. तिसऱ्या दिवसापासून दुखणार नाही इतपत हालचाल सुरू करा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय टाळायचे, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. गरम पाण्याचा शेक, निर्गुडीचा गरम पाला, तापवलेली वीट आणि जोराची मालिश या सगळ्यांनी त्या भागात रक्त वाढते आणि आतला रक्तस्राव थांबायच्या ऐवजी वाढतो. आंबेहळदीचा लेप थंड असेल, कातडी फुटलेली नसेल आणि न चोळता लावला तर आमची हरकत नाही, पण त्याने फाटलेला स्नायू लवकर जुळतो असे समजू नका. तीन-चार दिवसांनी सूज उतरू लागली की कोमट शेक चालतो. हलका हात फिरवणेही तेव्हा चालते, रगडणे नाही.

मालिश करणाऱ्यांवर आमचा राग नाही. आखडलेल्या अंगाला त्यांचा हात लागला की बरे वाटते, हे आम्हीही अनुभवले आहे. पण धावता धावता, उचलता उचलता अचानक कळ आली असेल तर पहिल्या दिवशी त्यांच्याकडे जाऊ नका, एवढेच सांगणे आहे.

दुखत नाही, म्हणून बरे झाले?

पुतण्याची दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती, आणि ती फार जण करतात.

इजेनंतर पहिले काही दिवस शरीर तुटके तंतू आणि साचलेले रक्त साफ करते. मग नवे तंतू तयार होऊ लागतात आणि मधल्या फटीत व्रणासारखा ऊतक भरतो. हा भराव सुरुवातीला कच्चा असतो. घराच्या भिंतीला गिलावा केला की दोन दिवसांत तो वरून कोरडा दिसतो, पण आत पक्का व्हायला वेळ लागतो, तसेच हे आहे. पुढचे कित्येक आठवडे त्या भरावाला ताकद येत असते, आणि ती हळूहळू वाढता भार दिल्यावरच येते. दुखणे मात्र याच्या बरेच आधी थांबते. चालताना स्नायूवर फार भार येत नाही, म्हणून बाराव्या दिवशी चालताना काहीच जाणवत नाही. जोरात धावले की त्याच कच्च्या जागेवर पुन्हा फाटते, आणि बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा जास्त.

विहारीचे उदाहरण त्याने दिले, म्हणून तेही पाहू. जानेवारी 2021 मध्ये सिडनीच्या कसोटीत हनुमा विहारीच्या मांडीमागचा स्नायू फलंदाजी करताना गेला. तरीही तो 161 चेंडू खेळून 23 धावांवर नाबाद राहिला आणि अश्विनच्या साथीने त्याने सामना वाचवला. हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्या दिवशी त्याने धावणे जवळजवळ सोडूनच दिले होते, जागेवर उभा राहून तो चेंडू अडवत होता. आणि पुढच्याच ब्रिस्बेन कसोटीत तो नव्हता. ती गोष्ट कोणी सांगत नाही.

मग परत कधी खेळायचे? कॅलेंडर पाहून नव्हे, तर दोन्ही पाय तोलून ठरवायचे.

पाठीवर झोपून गुडघा ताठ ठेवून आधी चांगला पाय आणि मग दुखावलेला पाय वर उचला. दोन्ही सारख्याच उंचीला गेले पाहिजेत आणि सारखेच ताणले पाहिजेत.

पाठीवर झोपून एक टाच बाकावर ठेवा आणि दुसरा पाय अधांतरी धरून कंबर वर उचला. चांगल्या पायावर जितक्या वेळा जमते, साधारण तितक्याच वेळा दुखऱ्या पायावर जमले पाहिजे.

हळू धावणे, मग अर्ध्या वेगाने, मग पाऊण आणि शेवटी पूर्ण वेगाने. प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दुखते का ते पाहा. दुखले तर एक टप्पा मागे या. पूर्ण वेगात धावून एकदम थांबता आले, वळता आले आणि मनात धास्ती राहिली नाही, की सामना खेळा.

तिथपर्यंत पोहोचण्याचा व्यायामही टप्प्याने करायचा. सुरुवातीला पडल्या पडल्या गुडघा थोडा वाकवून टाच जमिनीवर दाबायची आणि पाच ते दहा सेकंद धरायची. ते सोपे झाले की दोन्ही पायांवर कंबर उचलायची, नंतर एका पायावर. बरे झाल्यावर पुन्हा दुखावू नये म्हणून एक व्यायाम फार उपयोगी आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, मागून कोणीतरी घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचे, जमेल तितके आवरत. खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत या व्यायामामुळे मांडीमागच्या इजा निम्म्याच्या आसपास कमी झालेल्या दिसल्या. तो थोड्या संख्येने सुरू करावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी चालणे कठीण होते. फिजिओथेरपिस्ट जवळपास असेल तर पहिले धडे त्यांच्याकडूनच घ्या.

घरातले दुसरे दुखणे

जूनच्या शेवटी आम्ही गावी गेलो, ते पुतण्याला पाहायला. त्याच्या खाटेशी बसून पाय तपासला, सोनोग्राफी पाहिली, व्यायाम शिकवले. चहा घेऊन भाभी आल्या. कप खाली ठेवून त्या उठल्या तेव्हा त्यांनी एक हात भिंतीला आणि दुसरा गुडघ्याला लावला. आम्ही विचारले, काय झाले?

"काही नाही भाऊजी, उसण भरलीय. जाईल."

कधीपासून? मुलगा दुसऱ्यांदा पडला त्या आठवड्यापासून. त्याला न्हाणीघरात नेताना त्याचा सगळा भार त्यांच्यावर आला आणि कंबरेत कळ आली. त्या दिवसापासून सहा आठवडे त्या विहिरीजवळच्या टाकीवरून पाण्याचे हंडे आणत होत्या, सकाळी भाकऱ्या थापत होत्या आणि मुलाला उचलून बसवत होत्या. मुलासाठी आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांतली एक-एक गोळी रोज खात होत्या. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. आम्ही मोजला तर 170/100 भरला.

घरात ज्याने खेळताना दुखावून घेतले त्याला खाट, उशी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस मिळाली. जिने त्याला उचलताना दुखावून घेतले तिला कोणी बसायलाही सांगितले नाही. आम्ही स्वतः त्या सहा आठवड्यांत घरी आठ-दहा फोन केले होते. प्रत्येक फोनवर पायाबद्दल विचारले. भाभींना "तुम्ही कशा आहात" असे विचारले, पण उत्तराची वाट पाहिली नाही. ही चूक आमची, आणि ती इथे कबूल करतो.

कंबरेचा स्नायू हंडा उचलताना दुखावतो आणि मांडीचा धावताना, पण आत घडते ते तसेच असते. हंड्यात 15 लिटर पाणी असेल तर नुसत्या पाण्याचेच 15 किलो होतात. गॅसच्या टाकीत 14.2 किलो गॅस आणि टाकीचे स्वतःचे वजन धरून 30 किलोच्या आसपास भरतात. ईदच्या किंवा लग्नाच्या देगची गोष्टच वेगळी. असे ओझे वाकून, शरीरापासून लांब धरून आणि वर कंबर वळवून उचलले की कंबर जाते. म्हणून:

ओझ्याच्या जवळ जा, गुडघ्यात वाका, ओझे पोटाशी धरा आणि पायांच्या जोराने उठा. वळायचे असेल तर पावले टाकून वळा, कंबर पिळू नका.

एका हंड्याऐवजी दोन अर्ध्या बादल्या दोन्ही हातांत घ्या. जड भांडी जमिनीवर ठेवण्याऐवजी ओट्यावर ठेवा. देग एकट्याने उचलायची नाही, दोघांनी उचलायची.

आजाऱ्याला उठवताना त्याला ओढू नका. आधी कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, मग बसवा. तरुण आजारी माणसाने स्वतःच्या हातांचा जोर लावलाच पाहिजे.

कंबरेत उसण भरली तर एक-दोन दिवस जड काम बंद ठेवा. त्याहून जास्त पडून राहण्याने फायदा होत नाही, उलट कंबर आणखी आखडते. घरात चालणे-फिरणे चालू ठेवा. मात्र "चालत राहा" याचा अर्थ "हंडे आणत राहा" असा नाही, हे घरातल्या इतरांनी ध्यानात घ्यावे. ती दोन दिवसांची सुट्टी बाईला स्वतःला घेता येत नाही, घरच्यांनी द्यावी लागते.

गोळ्यांबद्दल

दुखण्यासाठी आधी पॅरासिटामॉल घ्यावी. निरोगी प्रौढाने एका वेळी 500 मि.ग्रॅ. ते 1 ग्रॅम आणि 24 तासांत जास्तीत जास्त 4 ग्रॅम, ही मर्यादा आहे. यकृताचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मेडिकलमधून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉलही असते, त्यामुळे वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली तर मात्रा दुप्पट होते. पाकीट वाचा, न कळल्यास दुकानदाराला विचारा.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी रक्तदाब वाढू शकतो, पोटात जखम होऊ शकते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, दमा, पोटातील अल्सर, रक्त पातळ करणारे औषध किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल तर या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. दुसऱ्याच्या नावावर आलेली गोळी तर कधीच नको. भाभींची ती गोळी बंद केली, रक्तदाबाचे औषध नीट सुरू केले आणि दोन आठवड्यांत रक्तदाब आटोक्यात आला.

हे स्नायूचे दुखणे नसू शकते

पुढील लक्षणे दिसली तर घरी उपचार करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तुटल्याचा आवाज आला, खड्डा लागतो, पायावर भारच देता येत नाही, किंवा चवड्यावर उभे राहता येत नाही.

कसलीही इजा न होता एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखते. विशेषतः लांबच्या विमान किंवा बसप्रवासानंतर, बाळंतपण किंवा ऑपरेशननंतर. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशी पोटरी मुळीच चोळू नका. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालय.

कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली किंवा ताप आहे.

अंगमेहनतीची सवय नसताना भरपूर व्यायाम केला आणि नंतर लघवी काळपट चहासारखी होऊ लागली.

छातीत, डाव्या खांद्यात किंवा हातात दुखते आणि सोबत घाम, मळमळ किंवा धाप आहे. ओझे उचलल्याने लचक भरली असेल, असे म्हणून इथे वेळ घालवू नका.

नमाजाबद्दल

दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून दोन शब्द. रुकूत गुडघे ताठ ठेवून वाकले की मांडीमागचा स्नायू पूर्ण ताणला जातो, आणि सजद्यातून उठताना कंबर व मांडीवर भार येतो. पहिले काही दिवस यामुळे जखम उकलू शकते. आजारी माणसाला बसून, आणि तेही न जमल्यास पडून इशाऱ्याने नमाज अदा करण्याची मुभा आहे. बारकावे आपल्या भागातल्या आलिमांना विचारावेत. दुखत असतानाही हट्टाने नेहमीसारखे वाकणारे बुजुर्ग आम्ही पाहतो. त्यांना घरच्यांनी आदराने खुर्ची पुढे करावी.

पुतण्याला तीन महिने लागले. आता तो धावतो, आणि सामन्याआधी दहा मिनिटे हळू धावून अंग गरम केल्याशिवाय मैदानात उतरत नाही. आखाती देशातली ती नोकरी गेली ती गेली. दुसरीकडे त्याने कागदपत्रे दिली आहेत.

भाभींची कंबर त्याच्याआधी बरी झाली, औषधापेक्षा एका नळीमुळे. विहिरीजवळच्या टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत आता रबरी नळी टाकली आहे. कामाला एक दुपार लागली. ती पुतण्यानेच टाकली, एक पाय जपत. इतकी वर्षे ते कोणाला सुचले नव्हते.

हे वाचून झाल्यावर आपल्या घरात उठताना भिंतीचा आधार घेणारे कोण आहे, ते जरा पाहा. विचारा, आणि "काही नाही" हे उत्तर आले तर पुन्हा एकदा विचारा.

पुढील अंकात लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याविषयी बोलू. खुदा हाफिज.